पहिली पाठ कुणाची लागली

खरं सांगा, ती कॅसेट बघून तुम्ही माझ्या थोरल्या भावाला हरलेला पैलवान समजलात की नाही?

लाजायचं कारण नाही. बेळगावात, निपाणीत, खानापुरात ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ हॉलचं तिकीट काढून ती बघितली त्या सगळ्यांची तीच समजूत झाली. आमच्या गावाचीही झाली. पडद्यावर अण्णाची पाठ मातीला लागते, वरचा पैलवान हात उंचावतो, हलगी कडाडते आणि चित्र संपतं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण त्या दिवशी मी तिथं सहा हातांवर उभी होते. जिथं चित्र संपतं तिथं ती कुस्ती संपली नव्हती. ती त्याच्या दोन तास आधी संपली होती.

आमचं गाव येळ्ळूरच्या पुढं. आप्पा शहापुरातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यामुळं घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त असत. सीमाप्रश्नाची, विणकरांच्या मागण्यांची, सभांची, मोर्चांची. मी अक्षरं शिकले ती छपाईत बिघडलेल्या कागदांवर. आठवीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा आप्पांनी वाचून एकच प्रश्न विचारला, "हे तू बघितलंस का ऐकलंस?" ऐकलं होतं. त्यांनी कागद परत दिला.

पुढं बेळगावातल्या एका ठेकेदारानं कुस्तीची कंपनी काढली आणि तिच्या जाहिराती लिहायचं काम माझ्याकडं आलं. कंपनीत महिन्याच्या पगारावर आठ पैलवान होते. अण्णा त्यांतला एक. मी प्रत्येक जाहिरातीवर ठळक अक्षरांत 'निकाली कुस्त्या' असं घालायची. म्हणजे वेळेचं बंधन नाही, बरोबरीत सोडवणं नाही. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालणार.

सुरुवातीला कंपनीची रीत साधी होती. गावोगाव मैदान भरायचं. आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद दोन पैलवान समोरासमोर उभे करून, खांदे-मांड्या चाचपून जोड लावायचे. कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकच कॅमेरा. सलामीपासून निकालापर्यंत जे होईल ते तो घ्यायचा. आठवड्याभरात ते चित्र हॉलमध्ये टीव्हीवर लागायचं.

आणि तिथंच गाडी अडली. मैदानात दोन पैलवान अर्धा तास मानेला मान लावून उभे राहिले तरी माणूस जागचा हलत नाही. त्याला पोटरीची थरथर दिसते, टाच किती रुतलीय ते दिसतं. टीव्हीवर तेच दोघं उभ्यानं झोपलेत असं वाटायचं. एकदा हॉलमध्ये मागून कुणी ओरडलं, "आरं पुढं घे की रं! का तितंच लगीन लावतोस दोघांचं?" मशीनवाल्यानं बटण दाबलं. आठ महिने तालीम करून आलेले दोन गडी मुंग्यांसारखे तुरूतुरू पळायला लागले. हॉल हसून लोळला. पुढच्या रांगेत वस्ताद बसले होते. ते उठले, पायताण घातलं आणि निघून गेले.

त्यानंतर मालकांनी पुण्याकडून एक साहेब आणला. त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं. एका तासाचा कार्यक्रम, चार कुस्त्या, एकेक दहा मिनिटांची, दोन कॅमेरे, मराठी आणि कानडी असं दोन्हीकडचं निवेदन. जमलं तर पुढं दूरदर्शनला दाखवायचा. मैदानाची भानगडच नको. ऊन आहे, वारा आहे, लोक मध्ये येतात. निपाणीत तंबाखूची एक वखार हंगाम येईपर्यंत रिकामी होती, ती भाड्यानं घेतली. आत तांबडी माती आणून टाकली, तेल-हळद-ताक घालून मळली. वस्तादांना साहेब म्हणाला, "आपण आता विश्रांती घ्या." जोड तो स्वतः चेहरे बघून लावणार होता.

मला निवेदन लिहायला नेलं होतं. बरोबर आणखी एक काम दिलं. कुठला तुकडा कितवा घेतला आणि त्यात काय झालं ते कागदावर उतरवायचं, म्हणजे नंतर जोडणाऱ्याला सोपं जाईल.

आता अण्णाचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. गावच्या वार्षिक मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती मिळावी म्हणून तो सहा वर्षं मातीत राबत होता. त्या वर्षी पंचांनी त्याचं नाव धरलं होतं. मैदान महिन्यावर आलं होतं.

वखारीत दिवे लागले तशी भिंतीत मुरलेली तंबाखू तापली. सगळ्यांना शिंका सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी. आवाज येतो म्हणून पंखे बंद. अण्णा म्हणाला, "आगं, हितं कुस्ती कराय बोलवलंय का तपकीर वडाय?" त्याच्यासमोर खानापूरकडचा पैलवान होता. घरात कानडी बोलणारा, अण्णापेक्षा दोन वर्षांनी लहान. कंपनीच्या खोलीत दोघं एका चुलीवर जेवण करायचे.

सलामी झाली. मातीची चिमूट दिली-घेतली. अण्णानं हात घातला, ढाकेचा डाव मारला आणि त्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवले. माझ्या घड्याळात मिनिटही झालं नव्हतं. मी लिहिलं, 'एक नंबर: कुस्ती निकाली.' अण्णा माती कपाळाला लावून आंघोळीला निघाला.

"वा, छान!" साहेब म्हणाला. "आता हीच दहा मिनिटांची करू."

"करू म्हंजे? झाली की."

"पैलवान, हा शेवट झाला. मधलं घ्यायचंय अजून."

"मधलं कुटलं? मधलं काय न्हवतंच."

दोन नंबरचा तुकडा झाला, नुसती मानपकड. दोघं शिंकत होते म्हणून तो तीनदा घेतला. मग साहेबानं तिसरा समजावून सांगितला. खानापूरच्या पैलवानानं अण्णाला खाली घ्यायचं आणि पाठ लावायची.

"लागता लागता ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाला.

"नको, पूर्ण लागू दे. मग तुम्ही उठता आणि जिंकता. लोक खुर्चीतून उभे राहतील."

"पाठ लागल्यावर उठायचं नसतंय, सायेब."

दारात मालक उभे होते. "आरं, वाईच पडलास तर मरतोस व्हय? शेवट तुझाच हाय न्हवं?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. "तू लिवतीयास न्हवं?"

"व्हय."

"मग लिव, ही मधली हाय म्हणून."

मी लिहिलं, 'तीन नंबर: मधला तुकडा.' कागद त्याला उंच धरून दाखवलासुद्धा. तो बघून अण्णा मातीत गेला आणि त्यानं पाठ लावून दिली. वरचा पैलवान तोंड फिरवून होता.

चूक झाली ती इथं आणि ती माझी. कागदावर लिहिलं म्हणजे ठरलं, हे माझ्या घरातलं शिक्षण. जोडणारा माझा कागद वाचेल आणि त्याबरहुकूम जोडेल असं मी धरून चालले. जे आधी घडलं ते आधीच दिसणार, याबद्दल अण्णाच्या मनातही शंका नव्हती. मैदानात दुसरं काही होऊच शकत नाही.

पंधरा दिवसांनी बेळगावात दुपारच्या खेळाला मी आणि आप्पा गेलो. पडद्यावर सलामी झाली, मानपकड झाली. मग अण्णाची ढाक आली, पण खांदे टेकायच्या आतच चित्र तोडलेलं. खानापूरचा पैलवान उठताना दिसला. त्यानंतर तीन नंबर. अण्णाची पाठ, हलगी, समाप्त. खाली अक्षरं आली: दुसऱ्या भागात बदला. तेव्हा मला उलगडा झाला. दुसरा भाग खपवायला त्यांना पहिल्या भागात कुणीतरी हरलेला लागत होता.

संध्याकाळी बसमधून उतरले तर पानाच्या दुकानापाशी एकजण म्हणाला, "काय गं, तुझ्या अण्णाला निपाणीत आभाळ दिसलं म्हणं? पगार जास्तीचा मिळाला का?"

दुसऱ्या दिवशी पंचांचा निरोप आला. पहिल्या नंबरची कुस्ती तूर्त थांबवली आहे, रविवारी बैठक. हातात पाच दिवस होते.

त्याच संध्याकाळी आमच्या सीमा चळवळीतले दोघं-तिघं घरी आले. म्हणाले, "पत्रक काढ. मराठी पैलवानावर कानडी अन्याय. दोन दिवसांत तालुका पेटवतो." माझं डोकं तापलेलंच होतं. मी बसून एका दमात अर्धं पान लिहिलं. चांगलं उतरलं होतं. आप्पांनी उभ्या उभ्या वाचलं आणि तोच प्रश्न विचारला, "हे तू बघितलंस का ऐकलंस?"

मी काय बघितलं होतं? साहेब मराठी बोलणारा, मालक मराठी बोलणारा. आणि कानडी बोलणारा तो एकटा, तोंड फिरवून बसलेला. मी कागद फाडला. ती मंडळी चहाही न घेता उठली. "मग बस कोरा कागद धरून," एकजण उंबऱ्यातून म्हणाला.

मी निपाणीला गेले, मालकांकडं मूळ टेप मागितली. तीत सगळे तुकडे घेतल्या क्रमानं असणार होते.

"पुसली," मालक म्हणाले. "टेपा काय झाडाला लागत्यात? तिच्यावरच दुसरं घेतलं."

मी उभीच राहिले. मग ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "हे बघ, पुढच्या भागात तुझाच भाऊ जिंकतोय. सायबानं लिवून ठेवलंय. दोन म्हैनं गप ऱ्हावा."

"गावचं मैदान पंधरा दिवसांवर आलंय."

"मग गावाला बी सांग, दोन म्हैनं थांबा म्हणून!" आणि ते स्वतःच हसले.

अण्णा तालमीत जोर मारत होता. मी दाराबाहेरूनच सगळं सांगितलं. त्यानं जोर पुरे केले, घाम निपटला आणि म्हणाला, "लिवून ठिवल्यालं जिंकायचं आसतं तर ह्या मातीत कशाला मरतोय मी?" त्याच दिवशी त्यानं कंपनी सोडली.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. मधोमध वस्ताद. बायका तिथं बसत नाहीत, म्हणून मी पायरीखाली उभी राहिले आणि माझा कागद पुढं केला. एका पंचानं तो उलटासुलटा बघितला. "भैनीनं लिवल्याला कागद. ह्यो काय पुरावा झाला?" मी तोंड उघडणार तोच मागून हालचाल झाली. खानापूरचा पैलवान आला होता. त्याला कुणीही बोलावलं नव्हतं. पहाटेची गाडी धरून आलेला, हातात पिशवी, घामेजलेला. तो उभ्यानंच बोलला, मराठी तुटक होती पण एकेक शब्द कळत होता.

"पैली पाठ माझी लागली. एका मिन्टात लागली. नंतर ते सगळं करायला लावलं."

मला वाटलं, सुटलो. अंगणात कुजबूज उठली. वस्तादांनी हात वर केला आणि अण्णाकडं वळले.

"आनि तुझी लागली का न्हाय?"

लागली नाही म्हणायची सोय होती. नाटक होतं, तंबाखूनं डोळे चुरचुरत होते, काहीही म्हणता आलं असतं.

"लागली," अण्णा म्हणाला.

"कुनी लावली?"

"मीच लावून दिली. त्यांनी सांगितलं म्हणून."

वस्ताद म्हणाले, "ह्यानं तुला पाडलं आसतं तर पुढल्या सालाला मी तुला हात धरून उभा केला आसता. ह्यानं पाडलं न्हाय. तू पडलास." आणि त्यांनी निकाल दिला. दोघांनाही या मैदानात कुस्ती नाही. पहिला नंबर दुसऱ्याला गेला.

अण्णानं वाकून वस्तादांचे पाय धरले. खानापूरच्या पैलवानाला घरी नेऊन जेवू घातलं. कंपनीनं त्याला त्याच आठवड्यात काढलं. आता तो गावाकडं शेती करतो. अण्णा शहरात दुधाच्या डेअरीत कॅन उचलतो. कुस्तीची लांघ त्यानं त्यानंतर लावली नाही.

वस्तादांच्या निकालावर मी आठ दिवस आतल्या आत भांडले. अजूनही तो मला कडू लागतो. तरी तो मी मानते, कारण त्यांनी समोर बोलावलं, दोघांना विचारलं आणि ऐकून घेऊन मग सांगितलं. अण्णाच्या पडण्यात माझ्या कागदाचा हात होता, तेही मी इथं लिहून ठेवते. मला मान्य नाही ती कॅसेट. तिनं कुणालाच काही विचारलं नाही आणि ती अजून फिरतेय. भाड्यानं मिळते, लग्नाच्या घरी लागते, कॉपीवरून कॉपी निघते.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. ती कॅसेट तुमच्या हातात आली तर फोडू नका, पुसू नका. तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर ही दोन वाक्यं लिहा: 'यातली पहिली पाठ खानापूरच्या पैलवानाची लागली. दुसऱ्या पैलवानानं आपली पाठ कंपनीच्या सांगण्यावरून लावून दिली.' दोन्ही लिहा. माझ्या भावाला बरं वाटावं म्हणून दुसरं गाळू नका. शाईच्या पेनानं लिहा, आणि मग कॅसेट परत करा.