हलकी रायफल

कलेक्टर कचेरीत बंदुकीच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं, तेव्हा माळशिरसकडचे एक ऊसवाले शेतकरी दर वर्षी नूतनीकरणाला यायचे. तपासणीसाठी आणलेली रायफल सोलापुरी चादरीत गुंडाळलेली असायची. आधी चादरीची व्यवस्थित घडी घालायचे, मगच तोंड उघडायचे.

रायफल परदेशी, दस्ता प्लॅस्टिकचा. पहिल्या वर्षी त्यांनी ती कौतुकानं माझ्या हातात दिली. "बगा की सायेब, लई हलकी हाय. चाप दाबत ऱ्हायलं की गोळ्या सुटत ऱ्हात्यात." आजोबांच्या जड ठासणीच्या बंदुकीला आता घरात कुणी हात लावत नाही, हेही सांगितलं.

दुसऱ्या वर्षी चादर उलगडली, तर रायफलीला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा बांधलेली. जरा उचलली की वाजायची. सगळी कचेरी हसली. मीही हसलो.

आमचं हसणं थांबेपर्यंत ते थांबले. मग हळू म्हणाले, "उसात कायतरी हाललं. मला डुक्कर वाटलं. इचार करायच्या आदी तीन गोळ्या गेल्या. तितं कारभारीण गवत काढत हुती. लागलं न्हाय. ठासणीची बंदूक असती तर ती उचलंस्तवर मी कारभारणीला वळखलं असतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण घंटा वाजली की डुकरं पळून जाणार."

"जाऊ द्या की," ते रायफल पुन्हा चादरीत गुंडाळत म्हणाले. "कारभारणीलाबी कळाया पायजे, मी कुटं हाय ते."