काट्यासाठी कॅमेरा

चिमटीत हलव्याचा एक दाणा धरायचा, खिडकीच्या उजेडात न्यायचा आणि समोरच्याच्या थेट नाकाशी आणून विचारायचं, "काटा दिसतो का?" समोर दूधवाला असो, नाहीतर विजेचा मीटर बघायला आलेला माणूस. दिसतो म्हणेपर्यंत त्याची सुटका नसायची.

असं विचारणारी ती माझी शेजारीण. पंचवटीतल्या आमच्या चाळीत ती खालच्या खोलीत राहायची, मी वरच्या. संक्रांतीला नव्या नवरीला आणि तान्ह्या बाळाला घालतात ते हलव्याचे दागिने ती करायची. तुमच्यापैकी कितीजणींनी ते अंगावर मिरवले असतील, पण दाण्यावर साखरेचा काटा कसा चढतो ते फार थोड्यांनी पाहिलं असेल. थंडीत पहाटे शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात खसखस टाकायची, वरून चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं. असं रोज, काटा चढेपर्यंत. तिच्या बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती. मी तयार दाणे दोऱ्यात बांधायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण गाठ मारायला तेवढी पुरते.

"ताई, बोलू नका हो. बोललं की माझा हात थांबतो."

"मग तू आधी तोंड थांबव," मी म्हणायचे. गप्प मात्र दोघीही बसत नसू.

पुढे बाजारात यंत्राचा हलवा आला. गोळ्यांसारखा गुळगुळीत आणि स्वस्त. ओळखीचे दुकानदार एकेक करून नको म्हणायला लागले. तिने मला सरळ सांगितलं, "ताई, या संक्रांतीला मोठी ऑर्डर नाही मिळाली, तर शेगडी मोडीत काढते आणि मुलांच्या होस्टेलात पोळ्या लाटायला जाते."

त्याच सुमारास बंगळुरूच्या एका महिला मंडळाने विचारणा केली. त्यांना पुष्कळ संच हवे होते. फोटो पाठवा, मग कळवतो, म्हणाल्या. तिने स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणले. मी पाहिले आणि म्हटलं, "हे काय, साबुदाणा भिजत घातलाय का?" मंडळाच्या बायकांनाही तसंच वाटलं असणार. आम्हाला यंत्राचा माल नको, असं त्यांनी कळवलं. ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी वर आली आणि म्हणाली, "स्वतःचाच कॅमेरा घेते. डिजिटल. तुम्ही चला सोबत."

मेनरोडवरच्या दुकानात आम्ही दोघी जाऊन बसलो. तिने डब्यातून एक बाजूबंद काढला आणि काळ्या मखमलीच्या तुकड्यावर मांडला. संक्रांतीला काळं नेसायचं आणि त्यावर पांढरा हलवा घालायचा, तेव्हा ती माल दाखवायची तो काळ्यावरच.

दुकानदार भला माणूस होता. "काकू, हा पाच मेगापिक्सेलचा आहे बघा."

"त्यात काटा दिसतो का?"

"याचा झूम बघा, गोदावरीच्या पल्याडचं माणूस ओळखू येईल."

"पल्याडच्या माणसाचं मला काय करायचंय? हा इथे समोर आहे, हा दाखवा."

त्याने कॅमेरा बाजूबंदाजवळ नेला. चित्र धूसर आलं. मग त्याने फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलं.

"अहो, फुलं नाही काढायचीत!" ती म्हणाली.

"काकू, जवळच्या बारीक वस्तूसाठीच असतं ते."

आता माझी गाठसुद्धा स्पष्ट दिसली. दाणे मात्र पांढरेफटक, चुन्याचे ठिपके जसे. त्याने दुसरा कॅमेरा काढला, मग तिसरा. तेच. होस्टेलच्या पोळ्या तिला दिसायला लागल्या होत्या. तिने मखमलीची घडी घातली आणि बाजूबंद घटकाभर माझ्या खाकी पिशवीवर ठेवला. दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे, त्याने तिथेच एक फोटो काढला.

मग त्याने कॅमेऱ्याची पाठ आमच्याकडे वळवली. दाण्यादाण्यावर काटा उभा होता.

"काळ्याने घोटाळा केला," तो म्हणाला. "समोर एवढं काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो. मग पांढऱ्याचा पार चुना होतो. माझ्याही आधी ध्यानात आलं नाही."

"पण खाकीवर हलवा?" ती चिडलीच. "पोलिसाला घालायचाय का? संक्रांतीला काळं नको, असं कधी झालंय?"

मी म्हटलं, "अगं, बाजूबंद विकायचाय की मखमल?"

तिने कॅमेरा हातात घेऊन ते चित्र डोळ्यांशी नेलं. मग म्हणाली, "बरं. काटा दिसू दे. काळं त्यांचं त्या नेसतील."

त्यानंतर तिने तिन्ही कॅमेरे पुन्हा ओळीने मांडायला लावले, पिशवीवर एकच दाणा ठेवला आणि जो दाण्याच्या सर्वांत जवळ जाऊन चित्र स्वच्छ काढत होता, तो घेतला. मोठ्या झूमचा नाही घेतला. दुकानदार जरा हिरमुसला.

नवे फोटो बंगळुरूला पाठवले आणि मंडळाची ऑर्डर आली. पुढच्या वर्षी दुप्पट आली. तिने दुसरी शेगडी मांडली आणि गल्लीतल्या दोन सुनांना हाताखाली घेतलं. त्यांना ती सारखी रागवायची. पण शिकवताना हातचं काही राखलं नाही.

गेल्या वैशाखात ती गेली. दोन दिवस तापाने पडली आणि संपली. रडायला मला फारसं जमत नाही. मी तिची परात घासून ठेवली.

आता थंडी पडली तशा त्या दोघी सुना भांडायला लागल्या. तिच्या मोठ्या शेगडीपाशी कोणी बसायचं, यावरून. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी सांगून टाकलं, "जी आधी येईल ती बसेल. माझ्याकडे रडत यायचं नाही."

आज पहाटे जिना उतरले, तर दोघी कोळशाच्या टोपल्या घेऊन दाराला टेकून उभ्या. एकीच्या डोक्याला मफलर, दुसरीच्या पायात घाईत दोन जोडांच्या दोन चपला.

"आजी, लवकर उघडा ना!"

माझे गुडघे दुखतात. तरी उरलेल्या पायऱ्या मी जरा भरभर उतरले.