आधी कोणाला, ते कळत नाही

मृणाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत तिच्या वाटणीचं काम उरकत होते. तिच्या आजारपणात ते हळूहळू माझ्याकडेच सरकलं होतं. फोन ठेवला आणि पुढचा नमुना हातात घेतला... दुसरं काही सुचलं नाही.

आम्ही दोघी एचआयव्हीच्या विषाणूंचे प्रकार वाचायचो. आपल्या देशात एकच प्रकार फार पसरलेला, पण त्यालाही असंख्य फाटे फुटलेले, मधूनच दुसऱ्या प्रकाराशी सरमिसळ झालेली. संगणकावर त्याचा वंशवृक्ष उमटला की मृणाल हरखायची. "बघ, याला सोवळंओवळं ठाऊक नाही," म्हणायची. खारघरच्या तिच्या सोसायटीत मात्र या कामाबद्दल चकार शब्द नाही. उगाच लोकांना टेन्शन नको, म्हणे.

आमच्याकडे रुग्ण सहसा येत नाहीत. पण एकदा सारसोळ्याची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. तिचा मुलगा नुकताच वारला होता. औषधं लागू पडेनात म्हणून नवराबायको दोघांचेही नमुने आमच्याकडे येऊन गेले होते, ते तिला कळलं होतं. सून दाराशीच उभी, मान खाली.

"बाय, आदी कोनाला झाला, तवढाच सांग. हिनी आनला असंल तर हिला घरान ठेवनार नाय."

मृणालने दोघींना बसवलं. "मावशी, विषाणू कुठल्या प्रकारचा, औषध कुठलं चालेल, एवढंच आम्हाला वाचता येतं. आधी कोणाला, ते यातून कळत नाही."

"येवरा शिकून पन कलत नाय?"

"नाही कळत."

त्या गेल्यावर मी वैतागले. मुलाकडूनच आला असं सांगून टाकायचं, सुटली असती बिचारी. मृणाल चिडली. "आज मी तिच्या बाजूने खोटं बोलले, तर उद्या दुसरं कोणीतरी तिच्या विरुद्ध बोलेल. कळत नाही, हेच खरं आहे ना?" मला ते पटलं नव्हतं. ती पोरगी आता रस्त्यावर येणार, एवढंच दिसत होतं, आणि असल्या गोष्टी पाहून पाहून मी थकले होते.

मृणालची खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही. परवा तीच म्हातारी आली, तेव्हा मी तिला त्या खुर्चीत बसवलं आणि मृणाल गेल्याचं सांगितलं. सून मागेच उभी होती, औषधांची पिशवी म्हातारीच्या मांडीवर.

"बाईला सांगाचा व्हता," म्हातारी म्हणाली, "ही माझे घरानच हाय."