आजोबा कुठल्या रकान्यात?

शिलाई मशीनच्या कंपनीत अक्काचं काम एकच. फेसबुक म्हणा, इन्स्टाग्राम म्हणा, कंपनीच्या पोस्टखाली जो कुणी लिहील त्याला उत्तर द्यायचं आणि शेवटी 'तुमची अक्का' अशी सही ठोकायची.

लिहिणाऱ्यांत एक आजोबा होते. बायको गेल्यावर तिचं जुनं मशीन त्यांनी चालवायला घेतलं होतं. दोरा गुंतला की फोटो टाकायचे. अक्का लिहायची, "आजोबा, बॉबिन उलटी बसलीय." उशीची खोळ झाली, पिशवी झाली. मग दोरा न गुंतताही ते लिहू लागले.

एक दिवस साहेबांनी तिच्यापुढे दोन डॅशबोर्ड ठेवले. "सगळी खाती एकाच पडद्यावर दिसतात. दोन्ही वापरून बघ, कुठला घ्यायचा ते सांग."

अक्काने जीव ओतून तुलना केली. पहिल्यात माणसाचं मागचं सगळं बोलणं समोर यायचं. दुसरा आपणच उत्तरं द्यायचा आणि ज्यांच्याकडून विक्रीची आशा नाही त्यांना 'किरकोळ' रकान्यात ढकलायचा. आजोबा तिथेच सापडले.

"साहेब, पहिला घेऊ या. दुसऱ्यात माणसं हरवतात."

"त्या म्हाताऱ्याला नवं मशीन घ्यायचंय का?"

"नाही."

"मग किरकोळच की."

दुसरा डॅशबोर्ड आला. अक्काला गोदामात पाठवलं, खोक्यांवर पत्ते चिकटवायला. नवरा म्हणाला, "नोकरी टिकली ना? मग गप बस."

जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर कंपनीचं पान बघायची. आजोबांनी लिहिलं होतं, "अक्का, नातीचा फ्रॉक शिवतोय, बाही बसत नाही." खाली उत्तर, "धन्यवाद! आमचं नवं मॉडेल पाहा." मग, "अक्का, तब्येत बरी आहे ना?" पुन्हा धन्यवाद, पुन्हा नवं मॉडेल.

तिला राहवेना. स्वतःच्या खात्यावरून तिने लिहिलं, "आजोबा, मीच अक्का. माझं काम बदललं. बाही उलटी करून लावून बघा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "आमच्या अक्कांनीच बजावलंय, दुसऱ्या खात्यावरून कुणी कंपनीचं नाव सांगितलं तर बोलू नका. लबाडांचा सुळसुळाट झालाय."

खरंच, तिनेच बजावलं होतं. ती समजावून लिहायला गेली, तर त्यांनी तिला ब्लॉक केलेलं. आता आजोबांचं लिहिणंही तिला दिसेना. डबा तसाच झाकून ती खोक्यांकडे गेली.