खासदारांवर रंग टाकायला निघालेले काकाजी

नोकरीत कितीतरी केसेस आल्या नि गेल्या. खुनाच्यासुद्धा काही आता धड आठवत नाहीत. पण भैरवगढची ती काळ्या रंगाच्या डब्याची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. आठवली की मी एकटाच हसत बसतो, आणि आमची ही म्हणते, "झालं तुमचं भैरवगढ सुरू!"

तेव्हा मी उज्जैनला थाना प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात त्याला टीआय म्हणतात. त्या दिवशी आमच्या भागाचे खासदार भैरवगढला येणार होते. कापडावर लाकडी ठप्प्यांनी छपाई करणाऱ्यांची ही वस्ती. छापलेलं कापड धुतलं की रंगाचं पाणी सरळ क्षिप्रेत जायचं. खासदारांनी दिल्ली-भोपाळच्या खेपा घालून तिथे धुलाईचे हौद आणि पाणी साफ करायची सोय मंजूर करून आणली होती, त्याचं उद्घाटन होतं. माणूस कामाचा. हे मी निवृत्त झाल्यावर सांगतोय, तेव्हा खुशामत समजू नका. माधव नगरात खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह, सरकारी दवाखान्यात डायलिसिस, ही त्यांची कामं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. घर मराठी, त्यामुळे बंदोबस्तात भेटले की हमखास विचारायचे, "काय साहेब, जेवण झालं का?" आणि उत्तर ऐकायला थांबायचेसुद्धा.

सकाळीच थान्यावर फोन वाजला. बाईचा आवाज. "साब, आज सांसदजी पे काला रंग फेंकने वाला है एक आदमी. सफेद दाढ़ी है, हाथ में स्टील का डिब्बा होगा. पकड़ लेना, पर मारना मत." आणि फोन बंद.

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, मारू नका म्हणणारा खबरी मी जन्मात पहिल्यांदा ऐकला."

मलाही ते खटकलं. पण बंदोबस्ताच्या दिवशी विचार करत बसायला सवड कोणाला असते!

मंडपाच्या मागच्या वाटेवर पांढरी दाढी सापडली. सत्तरी कधीच ओलांडलेले गृहस्थ, स्वच्छ धोतर, हातात स्टीलचा डबा. झाकण काढलं तर भपकन आंबूस वास आला. लोखंड आणि गूळ आंबवून करतात तो छपाईचा काळा रंग होता, कापडावर बसला की जन्मात न जाणारा. गाजावाजा नको म्हणून त्यांना गुपचूप माझ्या जीपमधून थान्यावर आणलं. खासदारांचा एक स्थानिक पदाधिकारी तेवढा आमच्या मागोमाग आला आणि माझ्या डोक्यावर बसला. "मामुली कारवाई चालणार नाही, टीआय साहेब. कडक कलम लावा. यामागे विरोधक आहेत." वरूनही फोन, कट कोणाचा ते शोधा. कडक कलम लागलं असतं तर म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य कोर्टाच्या तारखांत गेलं असतं. जामीन मिळेपर्यंतचा तुरुंग वेगळाच.

मी चौकशीला बसलो. "किसके आदमी हो?"

"अपनी घरवाली के."

"किसने भेजा?"

"अपने पैरों से आया हूँ."

हवालदारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मी आवाज चढवला, "सांसदजी को पहचानते भी हो?"

इतका वेळ शांत बसलेले आजोबा एकदम उसळले. "पहचानता हूँ? अरे साब, मैंने उसकी नाक पोंछी है!"

आणि मग जे सुरू झालं, ते थांबवायची माझी छाती झाली नाही. मोठमोठ्या सभांत खासदारांचा परिचय ऐकला होता, पण खरा परिचय मला आरोपीच्या तोंडून कळला. वडील रेल्वेत, ते अचानक गेले. आई मुलाला घेऊन आजोबांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आली, कपडे शिवू लागली. मुलगा शाळेतून सुटला की यांच्या कारखान्यात कापड वाळत घालायला यायचा. यांना काकाजी म्हणायचा. ठप्पा मात्र त्याला कधी जमला नाही. "हाथ टेढ़ा, पर ज़बान ऐसी कि पूछो मत. मैंने ही कहा, बेटा, तू वकील बन." वकील झाला, गल्लीतल्या लोकांची भांडणं कोर्टात फुकट लढला. आधी पार्षद, म्हणजे नगरसेवक, मग आमदार. हे सांगताना आजोबांची छाती अशी फुगली होती, जसं काही हातकडीऐवजी आम्ही त्यांना हारच घालणार होतो.

"पार्षदकीचा अर्ज भरायला निघाला, तेव्हा आधी माझ्याकडे आला. मी माझ्या हाताने छापलेला गमछा त्याच्या गळ्यात घातला. आमदारकीलाही आला."

"आणि खासदारकीला?"

आजोबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "लिखो जो लिखना है," म्हणाले आणि गप्प झाले.

पदाधिकारी पुटपुटला, "नाटकं आहेत सगळी."

दुपारी एक म्हातारी बाई कापडी पिशवीत डबा घेऊन थान्यात आली. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत टिकली. "इनको खिला दो बेटा, बीपी की गोली खाने के बाद लेनी है." हवालदार तिला आत सोडणार, तोच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही त्यांच्या घरी कळवलंच नव्हतं. मग हिला कसं कळलं?

"काकीजी, आपको किसने बताया ये यहाँ हैं?"

तिने खाली पाहिलं. "फोन मैंने ही तो किया था."

मी कपाळाला हात लावला. आम्ही सकाळपासून कट शोधत होतो, आणि खबर देणारी डब्यात मसूर डाळ घेऊन समोर उभी!

मग तिने सगळं सांगितलं. खासदारकीचा अर्ज भरायच्या दिवशी काकाजी पहाटेपासून नवा गमछा घेऊन ओट्यावर बसले. तो आलाच नाही. संध्याकाळी टीव्हीवर दिसला, गळ्यात बाहेरून आणलेला मशीनच्या छपाईचा गमछा. तेव्हापासून प्रत्येक सभेत तोच. काकाजी रोज त्यांचा गमछा पेटीतून काढायचे, झटकायचे, परत घडी घालायचे. आणि आज तो मशीनचाच गमछा घालून गल्लीत येणार, म्हणून यांचं माथं भडकलं.

आतून काकाजी ओरडले, "उस पे नहीं फेंकना था! उस गमछे पे फेंकना था!"

पदाधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते गमछे गठ्ठ्यांनी त्यानेच मागवले होते. मी त्याला म्हटलं, "कडक कलम आता कोणावर लावू, सांगा." तो मुकाट्याने बाहेर जाऊन बसला.

मी खासदारांना फोन लावला आणि आहे तसं सांगितलं. कार्यक्रम संपवून ते थेट थान्यात आले. दारातच गळ्यातला गमछा काढून खिशात कोंबला. आत येऊन काकाजींच्या पाया पडले. काकाजींनी तोंड भिंतीकडे केलं.

"काकाजी, उस दिन भागदौड़ थी. और मुझे लगा, आप तो अपने ही हैं."

"अपने थे, इसीलिए तो रास्ता देखते रहे," काकाजी भिंतीलाच म्हणाले. "वोट माँगने हर देहरी पे गया. मेरी पे नहीं आया."

संसदेत बोलणारा माणूस डोळे पुसत नुसता उभा राहिला. काकीजींनी पिशवीच्या तळातून घडी घातलेला गमछा काढला. खासदारांनी मान वाकवली. तेवढ्यात काकाजींनी तो हिसकावून काखेत मारला. "थाने में नहीं पहनाऊँगा. घर चल."

आणि तिघं एका ऑटोत दाटीवाटीने बसून गेले. खासदारांची गाडी रिकामीच मागून चालली होती. थान्याच्या दारात उभा राहून मी ते पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, माझाही रुमाल ओला झाला.

त्या केसने मला माणसं ओळखायला शिकवलं. भाड्याने रंग फेकणारा पकडला की घोषणा देतो, कॅमेरा शोधतो, दहा नावं घेतो. ज्याचं मन दुखलंय तो नेमकं दुखऱ्या जागेपाशी येऊन गप्प होतो. तिथे दरडावून काही उपयोग नाही. त्याच्या घरचं माणूस शोधावं. आणि लोकांसाठी जीव टाकणारे नेते चुकतात ते बहुतेक इथेच. परक्यांची मनं राखण्यात दिवस जातो, आणि घरच्यांना गृहीत धरलेलं असतं.

रोजनाम्यात मी नोंद केली, "घरगुती वाद. आपसात मिटला. कारवाई नाही." संध्याकाळी एसपी साहेबांचा फोन आला. चांगलेच तापले होते. "एक खासदार, एक रंगारी, ना नातं ना गोतं. घरगुती वाद कसा होतो हा?"

मी म्हटलं, "सर, खासदारांनाच विचारून घ्या."

थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज एकदम खाली आलेला. "ठीक आहे, राहू द्या नोंद तशीच. ते म्हणाले, नंतर बोलतो. ताटावर बसून फोन घेतला तर काकाजी ओरडतात."