शेंदराचा गोटा

साक्रीकडच्या जुन्या कोरीव देवळाचे राखणदार नाना मला नेहमी हातात कोरडं फडकं घेतलेलेच दिसतात. खांबावरच्या नर्तकीचं अंग पुसताना ते नजर मात्र दुसरीकडे वळवतात. बाया तिला देवी समजून तेल-शेंदूर चोपडायच्या; तिचे डोळेसुद्धा बुजत आले होते. नाना रागावले, कोणी ऐकेना. मग त्यांनी नाल्यातला एक गोटा आणून शेंदूर फासून लिंबाखाली ठेवला.

"अक्का, देवी तठे शे," असं ते आता हळूच सांगतात, आणि बाया तिकडे वळतात.

काल निघताना पाहिलं, तर नाना चपला काढून त्याच गोट्यापुढे वाकलेले.

"नाना, तुम्हीच आणला ना हा?"

"बठ्ठा गाव पाया पडस," ते साऱ्या गावावरून हात फिरवत म्हणाले, "मंग मी कोन?"