दाराजवळची जागा

भूकंपानंतर रेणापुरातली आमची शाळा आधी लिंबाखाली आणि मग मदतीत आलेल्या पत्र्यांच्या शेडमध्ये भरू लागली. मी चौथीत होतो. रस्त्यानं ट्रक गेला तरी अख्खा वर्ग बाहेर पळायचा. त्यावर आमच्या बाईंनी एक नियम काढला. हजेरीआधी त्या विचारायच्या, "आज कुणाला भ्या वाटायलंय? त्यानं दाराजवळ बसावं."

मी रोज हात वर करायचो. भीती खरं तर दिवाळीपर्यंतच टिकली, पण दारात वारं छान लागायचं, म्हणून मी ती उन्हाळ्यापर्यंत पुरवली. बाईंना ते कळत असणार. तरी त्या दाराशी उकिडव्या बसून आधी आम्हा भित्र्यांनाच अपूर्णांक सांगायच्या. आम्हाला कळले की मग बाकीच्यांना. माझं गणित तिथंच पक्कं झालं.

त्याच गणिताच्या जिवावर मी पुढे लातुरात क्लास काढला. एसी हॉल, माइक, दोनशे पोरं. आमच्याकडे बसायची जागा चाचणीतल्या नंबरावर ठरे. पहिला अगदी पुढे, शेवटचा मागच्या दाराजवळ. पालकांना हे फार आवडायचं. ते एकमेकांना पोराची तब्येत विचारत नसत, बाक विचारत.

अकरावीला माझी लेक माझ्याच क्लासात आली आणि चार चाचण्यांत दाराशी जाऊन पोचली. मी तिला हलवलं नाही. उलट पालकसभेत छाती फुगवून सांगायचो, "माझ्या घरच्यांनासुद्धा सूट नाही!" दहावीपर्यंत हीच पोरगी प्रश्न विचारून माझं डोकं खायची. आता मला पाहिलं की वही मिटायची. मला मनातून धास्ती बसली होती. म्हणून मी चाचण्या वाढवल्या. दुसरा उपाय मला येतच नव्हता.

एके दिवशी शिकवताना बाहेरून ट्रक गेला, काचा थरथरल्या. एकाही पोरानं मान वर केली नाही. मला बाई आठवल्या आणि मी माइकवरच विचारलं, "आज कुणाला भीती वाटते?"

पोरं हसली. हात एकच वर झाला, दाराजवळून.

"कशाची?"

क्लासात ती मला सरच म्हणते. उभी राहून म्हणाली, "सर, तुमची."

आता कुणी हसलं नाही. मी माइक बंद केला आणि सगळ्यांच्या देखत दाराशी जाऊन उकिडवा बसलो.

"कुठपासून कळलं नाही?"

तिनं वही उघडली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.